चित्राला साडेचार, आवाजाला चार

डिस्कच्या परीक्षणात चित्राला साडेचार तारे, आवाजाला चार, असा हिशेब वाचला की मला विचारावंसं वाटतं : कशाशी ताडून? मूळ प्रिंट परीक्षकाने बहुधा पाहिलेलीच नसते. त्याच्यासमोर असतो त्याचा नवा टीव्ही, आणि त्यावर जे चकचकीत दिसतं ते उत्तम ठरतं.

या तारेवाटपात पहिला बळी जातो तो कणांचा. कृष्णधवल फिल्मवर प्रतिमा उमटते तीच मुळी चांदीच्या कणांनी. रंगीत फिल्मवर त्यांची जागा रंगद्रव्याचे सूक्ष्म ठिपके घेतात. त्यांना 'नॉइज' समजून पुसायला निघालेल्या सॉफ्टवेअरला कण कुठला आणि कातडीवरचं छिद्र कुठलं, हे पुरतं कळत नाही. २०१० साली 'प्रेडेटर'ची नवी ब्लू-रे आली तेव्हा जंगलात घामाने निथळणारे सैनिक मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसू लागले. अशा डिस्कला 'स्वच्छ' म्हणणं म्हणजे जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासल्याबद्दल विश्वस्तांचं अभिनंदन करणं.

दिग्दर्शकाची मान्यता असली की झालं, असंही कोणी म्हणेल. 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ सालच्या ब्लू-रेसाठी विल्यम फ्रीडकिनने स्वतःच रंग बदलले. ज्याने तो चित्रपट कॅमेऱ्यात टिपला त्या ओवेन रॉइझमनने त्यावर जाहीर टीका केली. २०१२ च्या आवृत्तीत रंग पुन्हा मूळच्या जवळ आणले गेले. मी छायालेखकाच्या बाजूचा. इतक्या वर्षांनी मत बदलायचा हक्क दिग्दर्शकाला जरूर आहे, पण मग तो १९७१ सालचा चित्रपट म्हणून विकू नये.

सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. पुढे बोलोन्यात त्यांवर काम झालं तेव्हा 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्केच भाग मूळ निगेटिव्हवरून घेता आला. बाकीचा इतरत्र जपलेल्या प्रतींवरून. प्रतीवरून घेतलेल्या चित्रात तपशील थोडा कमी असणारच. त्याबद्दल अर्धा तारा कापणाऱ्याने आधी ही हकीकत तरी सांगावी.

आवाजाची गत याहून वाईट. 'व्हर्टिगो'च्या १९९६ सालच्या पुनरुज्जीवनात पावलांचे, गोळीबाराचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून घातले. त्यावर निदान वाद तरी झाला. आपल्याकडे मोनो चित्रपटाच्या वेष्टनावर '५.१' छापलं की ती बढती समजली जाते. माझ्याकडच्या एका जुन्या हिंदी चित्रपटाच्या डिस्कवर तबला माझ्या पाठीमागून वाजतो. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत ठाण मांडून आहे. रुंद पडदा भरावा म्हणून चित्र वरून-खालून छाटलंय, त्यामुळे नाच सुरू झाला की घुंगरू ऐकू येतात, पाय दिसत नाहीत. या डिस्कच्या चित्राला चार तारे मिळालेले मी वाचले आहेत.