लॅपटॉपवरचे पोर्ट गायब होतायत, पण त्याचा खर्च कोण भरतंय?

नवा लॅपटॉप घेतला. वजनाला हलका, दिसायला भारी. मग ऑफिसात प्रेझेंटेशनची वेळ येते. हातात एचडीएमआय केबल असते आणि लॅपटॉपच्या कडेला दिसतात फक्त दोन बारीक, एकसारखे पोर्ट. पेनड्राइव्ह लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. लॅनची वायर तर विसराच.

ही तक्रार तुम्ही केली नसेल, तरी ऐकली नक्की असेल. त्यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की जुनं तंत्रज्ञान कधीतरी सोडावंच लागतं. यात तथ्य आहे, पण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी समजून घेऊया.

नेमकं काय बदललं?

२०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी हे मानक आलं. आपला नेहमीचा चौकोनी यूएसबी पोर्ट म्हणजे टाइप-ए. टाइप-सी त्याच्यापेक्षा बराच बारीक आहे आणि सरळ-उलटा कसाही लावता येतो. शिवाय चार्जिंग, डेटा आणि स्क्रीनवरचं चित्र ही तिन्ही कामं तो एकटा करू शकतो.

२०१५ मध्ये ॲपलने १२ इंची मॅकबुक आणलं. त्यात हेडफोन जॅक सोडला, तर एकच टाइप-सी पोर्ट होता. चार्जर लावला की दुसरं काही लावायला जागाच नाही. २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून तर जुना यूएसबी, एचडीएमआय आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डचा स्लॉट एकाच वेळी काढला गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेल्या आयफोन ७ सोबत मिळणारी केबलसुद्धा या लॅपटॉपला थेट लागत नव्हती. कंपनी एकच, पण मध्ये अडॅप्टर हवाच.

ग्राहक इतके वैतागले, की ॲपलला काही महिन्यांसाठी अडॅप्टरच्या किमती उतरवाव्या लागल्या. अमेरिकेत १९ डॉलरचा यूएसबी अडॅप्टर ९ डॉलरला मिळू लागला.

लॅपटॉप बारीक करायचा म्हणून पोर्ट काढले?

लॅनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. त्याचा सॉकेट उंच असतो, बारीक लॅपटॉपच्या कडेत बसत नाही. टाइप-एचं तसं नाही. त्याची उंची साधारण साडेचार मिलिमीटर असते आणि २०१६ चं १५ इंची मॅकबुक प्रो साडेपंधरा मिलिमीटर जाड होतं. म्हणजे जागा होती. पण प्रत्येक पोर्ट आतली जागा खातो आणि तिथे बॅटरी किंवा स्पीकर बसवता येतो. शिवाय एक सुटा भाग कमी होतो.

म्हणजे पोर्ट काढणं हा हिशेबाचा निर्णय असतो. कंपनीची जागा आणि भाग वाचतात. तुमची गरज मात्र तशीच राहते आणि ती भागवणारं हब तुम्हाला वेगळं विकत घ्यावं लागतं.

आपल्याकडे अडचण कुठे येते?

लॅपटॉप एका दिवसात बदलतो. त्याच्या भोवतीच्या वस्तू बदलत नाहीत.

डिजिटल सहीचं उदाहरण घ्या. सीए, कंपनीचे संचालक आणि ई-टेंडर भरणारे कंत्राटदार डीएससी टोकन वापरतात. पेनड्राइव्हसारखं दिसणारं हे टोकन बहुतेक वेळा टाइप-ए पोर्टलाच लागतं. टेंडरची मुदत संपायला तासभर उरलाय आणि टोकन लावायला पोर्ट नाही, अशा वेळी लॅपटॉप किती बारीक आहे याचं कौतुक कोणाला? लग्नाचे फोटोग्राफर मेमरी कार्डवर काम करतात. अनेक कॉलेजांच्या सेमिनार हॉलमध्ये अजून व्हीजीए केबलचे प्रोजेक्टर आहेत.

गेलेला पोर्ट परत येतो का?

येतो. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने नव्या मॅकबुकमधून फायरवायर पोर्ट काढला. व्हिडिओ कॅमेरा वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि जून २००९ मध्ये १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये तो परत आला. २०१६ ला काढलेले एचडीएमआय आणि मेमरी कार्ड स्लॉटही ऑक्टोबर २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये परतले. त्यासाठी पाच वर्षं लागली आणि जुना यूएसबी पोर्ट तेव्हाही आला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढला, तेव्हाही लोक चिडले होते. आज फ्लॉपीची आठवण कोणी काढत नाही, कारण सीडी आणि इंटरनेटने तिची जागा खरोखर घेतली. म्हणून जुनं कधी काढलं यापेक्षा पर्याय लोकांच्या हातात पोचला होता का, हे बघायला हवं.

कायदा काय म्हणतो?

युरोपियन युनियनने फोन, टॅबलेट, कॅमेरा अशा उपकरणांसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केलं. लॅपटॉपसाठी ही तारीख २८ एप्रिल २०२६ आहे. यामुळे चार्जरचा गोंधळ कमी होईल. पण हा नियम चार्जिंगपुरता आहे. बाकी कोणते पोर्ट द्यायचे, हे कंपनीच ठरवणार.

मग खरेदीआधी काय तपासाल?

• गेल्या महिनाभरात लॅपटॉपला काय काय जोडलं, त्याची यादी करा. दुकानात ती हातात ठेवा.

• सगळे टाइप-सी पोर्ट सारखे नसतात. काहींमधून स्क्रीनला चित्र जातच नाही. त्या पोर्टवर डिस्प्ले आणि चार्जिंग दोन्ही चालतं का, हे त्या मॉडेलच्या माहितीत बघा.

• हब घेणार असाल तर त्यातून लॅपटॉप चार्ज होतो का ते विचारा. नाहीतर एकुलता एक पोर्ट हबमध्येच अडकेल.

• हबची किंमत लॅपटॉपच्या किमतीत मिळवा आणि मगच दोन मॉडेलची तुलना करा. स्वस्त वाटणारा लॅपटॉप कदाचित तेवढा स्वस्त राहणार नाही.

दुकानदार प्रोसेसर आणि रॅमबद्दल आपणहून बोलतो, पोर्टबद्दल बहुतेकदा विचारावं लागतं. रॅम किती ते विचारताच ना? मग पोर्ट किती आणि कोणते, हेही विचारा.