किरकोळ ऑपरेशन

'किरकोळ' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. किरकोळ ताप, किरकोळ भांडण, इथपर्यंत ठीक. पण 'किरकोळ ऑपरेशन' म्हटलं की त्याच्याबरोबर बऱ्याच गोष्टी आपोआप किरकोळ होऊन जातात. काय करणार ते सांगणं किरकोळ, सही किरकोळ आणि काढलेली गाठ तर इतकी किरकोळ की थेट बादलीत! माझं म्हणणं थोडक्यात असं: ऑपरेशन छोटं असेल, पण त्यातला पेशंटचा हक्क छोटा नसतो. अंगातून काढलेली गाठ, मस किंवा तीळ तपासणीला पाठवायचा की नाही, हे पेशंटशी बोलल्याशिवाय ठरू नये.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझ्या मानेमागचं आवाळू. चारपाच वर्षं ते तिथे होतं. दुखत नव्हतं, फक्त कटिंगच्या वेळी न्हाव्याची मशीन अडायची. आमच्या औशात आवाळूवर सल्ला द्यायला डिग्री लागत नाही. कुणी म्हणे चुना लाव, कुणी म्हणे घोड्याचा केस बांध (तो खरं तर चामखिळीचा इलाज!), आणि एक आजोबा तर म्हणाले, "बाबा, ते लक्ष्मीचं असतंय, काढू नये." लक्ष्मी काही आली नाही, आवाळू मात्र लिंबाएवढं झालं. मग इथल्याच एका खाजगी दवाखान्यात काढून घेतलं.

जागेवरच्या भुलीत माणूस पूर्ण जागा असतो, हे ऐकून माहीत होतं. त्याचा खरा अर्थ पालथं पडल्यावर कळला. सुई टोचते तेव्हा आधी आग होते, मग मिनिटा-दोन मिनिटांत ती जागा आपली राहत नाही. दुखणं जातं, पण ओढणं, दाबणं, ढकलणं सगळं कळतं. लिग्नोकेन हे औषध नसांमधून जाणाऱ्या संदेशाची वाट अडवतं. वेदना वाहणाऱ्या बारीक नसा लवकर गप्प होतात, स्पर्शाच्या आणि दाबाच्या जाड नसा तितक्या सहज होत नाहीत. पू झालेल्या गळूत हीच भूल नीट लागत नाही, कारण तिथे आम्लता वाढलेली असते आणि औषध नसेपर्यंत पोचायला कमी पडतं. म्हणून 'पिकल्यावर बघू' म्हणत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पिकल्यावर जास्त दुखतं, आणि तेव्हा ते कातडीच्या पिशवीसकट निघत नाही. पिशवी आत राहिली की आवाळू परत येतं.

कान मात्र बधिर होत नाहीत. डॉक्टर आणि कंपाउंडर एका लग्नाच्या जेवणाबद्दल बोलत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट धीरच आला. डॉक्टर जेवणाबद्दल बोलतायत म्हणजे सगळं ठीक चाललंय! पण मला उद्देशून आलेलं वाक्य एकच, "मामा, हलू नका." आता काय करतायत, किती वेळ लागेल, कापल्यावर तो वास कसला, काही नाही. झोपलेल्या माणसाशी बोलायची गरज नसते हे मान्य. जागा माणूस पालथा पडून अंदाज बांधत असतो, आणि त्याचे अंदाज नेहमी वाईटच असतात. दोन वाक्यांनी त्याचं रक्तदाब मशीनवरचं आकडे-नाट्य कमी होईल.

शेवटी ट्रेमध्ये पांढरट गोळा पडला. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे तपासायला पाठवायचं का?" ते म्हणाले, "साधं आहे ओ, गरज नाही. म्हणत असाल तर पाठवतो, लातूरला जाईल, पैसे वेगळे पडतील." मी म्हटलं पाठवा. फॉर्मेलिनच्या छोट्या डबीत तो गोळा वीसेक किलोमीटर प्रवास करून लातूरला गेला आणि आठवड्याने कागद आला: साधी गाठ, घाबरण्यासारखं काही नाही. घरी लगेच शेरा मिळाला, "बघ, उगं पैसे घालवलेस."

मला हा शेरा पटत नाही. डॉक्टरांचं म्हणणं चूक नव्हतं, हे आधी सांगतो. आवाळूचं तोंड, आतला लगदा, त्याचा वास, हे सगळं नेहमीसारखं असेल तर अनुभवी सर्जनचा अंदाज बहुतेक बरोबर येतो, आणि प्रत्येक आवाळू तपासलंच पाहिजे असं सगळे सर्जनही म्हणत नाहीत. गरीब माणसाला तेवढे पैसेही जड असतात. पण 'बहुतेक' आणि 'नक्की' यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कुणाच्या अंगावर आहे? माझ्या. मग ते पैसे वाचवायचे की नाहीत, हे मला विचारून ठरावं. मी विचारलं नसतं तर ते मला न विचारताच ठरलं असतं, एवढीच माझी तक्रार आहे.

तिळाच्या आणि काळ्या मसाच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की तिथे पर्यायच नको. काळा, रंग बदलणारा, वाढणारा, रक्त येणारा डाग काढला तर तो तपासलाच पाहिजे. आणि आपल्याकडे काय चालतं? लग्न जवळ आलं की तीळ 'जाळून' घेतात. जाळलं की तपासायला काही उरतच नाही. गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा आपल्यात कातडीचा कॅन्सर बराच कमी, हे खरं. पण त्यामुळेच आपण बेफिकीर असतो. सावळ्या लोकांत त्यातला मेलॅनोमा हा प्रकार तळपाय, तळहात, नखाखाली अशा जागी जास्त दिसतो, जिथे कुणी बघत नाही. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये निघाला. आधी फुटबॉलची दुखापत समजली गेली होती. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. आमच्या शेतात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या तळव्यावरचा काळा डाग 'काटा मोडला असेल' म्हणून किती वर्षं राहतो, विचार करा.

दुसरी गोष्ट कागदाची. माझी सही टेबलावर चढायच्या आधी घेतली, इंग्रजी फॉर्मवर, 'इथे करा' म्हणून बोट ठेवून. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात संमतीचा अर्थ नीट उलगडून सांगितलाय: काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, हे पेशंटला पुरेसं कळलं असेल तरच ती संमती. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत आणखी एक कलम आहे. पेशंटने आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मागणाऱ्यालाच संकोच वाटतो, डॉक्टरांना राग येईल म्हणून.

लिहून ठेवण्याचं मोल किती, याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. टिपूच्या सैन्याने कावसजी नावाच्या इंग्रजांच्या बैलगाडीवानाचं नाक कापलं होतं. पुढे १७९३ च्या सुमारास पुण्यात एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याचं नाक नव्याने बसवलं, तेही भुलीशिवाय. कातडीचं माप आधी मेणाच्या पातळ पत्र्यावर घेतलं होतं. भूल यायला अजून वेळ होता. डोळ्यात कोकेनचे थेंब घालून कार्ल कोलरने जागेवरची भूल दाखवली ती १८८४ मध्ये, आणि लिग्नोकेन स्वीडनमध्ये तयार झालं ते १९४३ मध्ये. पुण्याची ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, तिथल्या सर्जननी ती वाचली, आणि १८१४ मध्ये कार्प्यूने लंडनमध्ये तसं ऑपरेशन केलं. कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून ते आज आपल्याला माहीत नाही. लिहिलं तेवढंच उरलं.

मग करायचं काय? फार काही नाही. गाठ काढायच्या आधी तीन प्रश्न विचारा. ही काय असावी? काढलेली तपासायला पाठवणार का, आणि नसाल तर का नाही? काय केलं ते मला लिहून मिळेल का? चांगला डॉक्टर रागावत नाही, माझेही रागावले नाहीत. आणि जे डॉक्टर हे वाचत असतील त्यांना विनंती, की हे प्रश्न पेशंटने विचारायची वाट बघू नका. तुमच्यासमोर पालथी पडलेली बाई किंवा म्हातारा माणूस विचारणार नाही. त्यांना 'किरकोळ आहे' एवढंच ऐकायची सवय आहे. तपासणीचा खर्च खरंच परवडत नसेल तर तेही मोकळेपणी बोला, आणि लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा रस्ता दाखवा. ते तरी काय लांब आहे!