शीर्षकाभोवतीची दोन चिन्हे



आपल्या कार्यकर्त्यांची पत्रके, स्मरणिका, पोस्ट आम्ही नियमित वाचतो. विचार पक्का असतो, पण पुस्तकांची नावे वाक्यात कुठेही विरघळून जातात. ही बाब किरकोळ नाही, असे आमचे ठाम मत आहे.

शंकरराव खरात आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९८१ साली त्यांचे आत्मकथन आले, 'तराळ अंतराळ'. आता लिहून पाहा : शंकरराव खरात तराळ अंतराळ. गावाने बापावर लादलेले काम लेखकाच्याच नावाला चिकटले! लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', लक्ष्मण माने यांचे 'उपरा' यांचेही तेच होते. ज्या शब्दाने समाजाने हिणवले, तोच शब्द या लेखकांनी उचलून शीर्षक केला. चिन्हे गळाली की शीर्षक पुन्हा शिवी होते.

इंग्रजीत शीर्षकाची ओळख मोठ्या अक्षरांवरून पटते. देवनागरीत मोठे अक्षर नाही आणि तिरपा ठसा व्हॉट्सॲपपासून फ्लेक्सपर्यंत टिकत नाही. म्हणून एकेरी अवतरणचिन्हे वापरावीत. दुहेरी चिन्हे कुणाचे बोल उद्धृत करण्यासाठी ठेवावीत. हाताने लिहिताना शीर्षक अधोरेखित केले तरी चालेल.

बाबासाहेबांच्या पत्रांबाबत तर हे अटळच आहे. १९३० साली 'जनता' सुरू झाले आणि १९५६ साली त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. चिन्हांशिवाय "जनतेत लिहिले" म्हटले, तर लोकांत की पत्रात? म्हणून प्रत्यय चिन्हाबाहेर लावावा : 'जनता'मध्ये, 'बहिष्कृत भारत'मधील अग्रलेख. शीर्षकाचे सामान्यरूप करू नये. 'बलुतं'मध्ये लिहावे, बलुत्यात नव्हे.

आणखी एक. दया पवारांच्या १९७८ च्या पुस्तकाचे नाव 'बलुतं' आहे. ते 'बलुते' करून "शुद्ध" करण्याचा अधिकार कुणालाही नाही. लेखकाने बोलीतला अनुस्वार ठेवला, तो तसाच राहिला पाहिजे.

काही मित्र म्हणतील, शुद्धलेखन ही सदाशिव पेठेची मिरास, आपण कशाला त्यात पडावे? आमचे उत्तर असे, की ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाला हिणवणे वेगळे आणि आपल्या माणसाच्या निर्मितीला नाव देणे वेगळे. औंधला पंतप्रतिनिधींनी संग्रहालय उभारले. तिथल्या चित्राबद्दल लिहिताना चित्राचे आणि चित्रकाराचे नाव आपण जपून लिहितो. मग त्याच संस्थानातल्या तराळाच्या मुलाच्या पुस्तकाला दोन चिन्हेही मिळू नयेत?

येत्या जयंतीच्या स्मरणिकेपासून हे सुरू करा. छपाईला देण्याआधी प्रत्येक शीर्षक मूळ मुखपृष्ठाशी ताडून पाहा, लेखकाचे नाव आणि प्रकाशनवर्ष सोबत द्या. आपला इतिहास इतरांनी पुसट केला, तो आपल्या हातून तरी पुसट होऊ नये.