ऑपरेशनं मोजली, पण माणूस कामाला लागला का?

आरोग्य केंद्राच्या आढावा बैठकीत काय मोजतात? ओपीडी किती, बाळंतपणं किती, लसीकरण किती टक्के. पण उपचार घेऊन घरी गेलेला माणूस पुन्हा रानात जायला लागला का, हे कोणत्याच रकान्यात येत नाही.

इंग्लंडमध्ये हे विचारतात. तिथं सरकारी खर्चाने गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्या पेशंटकडून ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म भरून घेतात. २००९ पासून ही पद्धत आहे. त्यात पाच साधे प्रश्न असतात: चालता येतं का, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः होतं का, रोजची कामं जमतात का, दुखतं किती, मनाला काळजी-उदासी किती. उत्तरांचे गुण निघतात. कोणत्या औषधावर सरकारी पैसा घालायचा हे सांगणारी तिथली 'नाईस' संस्थाही अशाच गुणांवर हिशेब मांडते.

हे आता लांबचं राहिलेलं नाही. उपचारावरचा खर्च परवडतो का, हे तपासायला केंद्र सरकारने २०१७ साली 'एचटीएइन' ही यंत्रणा उभी केली. चंदीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी याच पाच प्रश्नांचं भारतीय गुणांचं कोष्टक २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. दुखण्याला किती वजन द्यायचं, चालण्याला किती, हे त्यांनी इथल्याच लोकांना विचारून ठरवलं.

केंद्राचं 'मेरा अस्पताल' २०१६ पासून पेशंटचं मत घेतं. पण त्यात मुख्य विचारणा सेवेची, म्हणजे स्वच्छता, वागणूक. वागणूक चांगली मिळाली म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे.

खरी गोम दोन ठिकाणी आहे. एक, 'रोजची कामं' म्हणजे कोणती? शहरातल्याला खुर्चीवर बसता आलं तरी भागतं. खुरपणाऱ्या बाईला उकिडवं बसता आलं पाहिजे, डोक्यावर भारा घेता आला पाहिजे. त्यात आपल्याकडं विचारलं की पहिलं उत्तर 'बरं हाय' असंच येतं. दुसरी गोष्ट, गुण वाढले तरच पैसा असं ठरलं, तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं काय? त्यांचे गुण फारसे वाढणारच नाहीत, पण सेवेची गरज त्यांनाच जास्त.

म्हणून मोजणी व्हावी, पण निधी केवळ गुणांवर ठरू नये. सुरुवात रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतूनही होऊ शकते. ऑपरेशनं किती झाली हे विचारताना, त्यातले किती जण कामाला लागले हेही विचारावं. त्याला वेगळा खर्च लागत नाही.