‘बंद आहे’ म्हणण्यापूर्वी

शाळेच्या संगणक-कक्षात सहज फेरी मारली, तर एखाद्या तरी पडद्यावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटविलेली दिसते. कधी ती दोन दिवस राहते, कधी दोन महिने. तिची शाई फिकट होते, कडा वळतात. परंतु ती लावणाऱ्याने नेमके काय पाहिले होते, हे कोणालाच सांगता येत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘कीबोर्ड चालत नाही, माऊस हलत नाही.’ विद्यार्थिमित्रांनो, हे रोगाचे नाव नव्हे, ही रोग्याची तक्रार आहे. नाडी न पाहता केवळ तक्रारीवर औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र तसल्याच वैद्याची आपण महिनोन्‌महिने वाट पाहतो.

माझे मत असे की, ज्या शाळांत लिनक्सवर चालणारे संगणक आहेत, तेथे कळफलक किंवा माऊस ओळखला जात नाही अशा वेळी पहिली चौकशी विद्यार्थ्यांनीच करावी. तंत्रज्ञास बोलवायचे की नाही, हे त्या चौकशीनंतर ठरवावे. मी इतिहास आणि मराठी शिकविणारी शिक्षिका. अभियांत्रिकीची पदवी माझ्याजवळ नाही. तथापि या प्रश्नाला पदवीपेक्षा एका सवयीची अधिक गरज आहे आणि ती सवय इतिहासाच्या तासालाही लागते : अनुमान काढण्याआधी पुरावा वाचण्याची.

प्रथम ‘ओळखणे’ या शब्दाचाच विचार करू. आम्हां कोंकणी घरांत ओळखीला ‘वळख’ म्हणतात, आणि वळख म्हणजे एकदम जडणारी गोष्ट नव्हे. दारावर थाप पडते, कोण म्हणून विचारणा होते, नाव-गाव सांगितले जाते, मग पाहुणा ओसरीवर येतो. यूएसबीच्या कळफलकाचेही असेच असते. त्याच्या केबलीत मुख्यतः चार तारा असतात : एक पाच व्होल्टच्या पुरवठ्याची, एक परतीची आणि दोन निरोपाच्या. कळफलक खोचला की त्याच्यातील दीड हजार ओहमचा एक रोध निरोपाच्या दोहोंपैकी एका तारेवरील दाब वर ओढतो. ही दारावरची थाप. मग संगणक त्या उपकरणाला पूर्वस्थितीवर आणतो, त्याला 1 ते 127 यांमधील एक क्रमांक देतो आणि विचारतो, ‘तू कोण? कोणी बनविलेला? काय काम करतोस?’ उत्तरात उत्पादकाचा एक सांकेतिक अंक आणि वस्तूचा एक अंक येतो. ती कळफलकाच्या वर्गातील वस्तू आहे असे दिसले, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, योग्य तो ड्रायव्हर तिला जोडून देतो. त्यानंतर दाबलेली कळ एका ठरावीक मार्गाने वर चढते आणि चित्रमय पडद्याची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यक्रमापाशी पोहोचते. तेथून ती तुमच्या निबंधात अक्षर होऊन उतरते.

एवढ्या पायऱ्यांपैकी कोणतीही एक निखळली, तरी बाहेरून दिसणारे दृश्य एकच : कळ दाबली, अक्षर उमटले नाही. म्हणूनच ‘चालत नाही’ या दोन शब्दांत कसलाही अर्थ उरत नाही. कोणत्या पायरीपर्यंत चालले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर लिनक्स लपवून ठेवीत नाही. हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्‌स याने 1991 साली ज्या कर्नेलची सुरुवात केली, ते आपल्या हातून घडलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवते. डी-एम-ई-एस-जी या पाच अक्षरांची आज्ञा दिली की ही नोंद पडद्यावर येते. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो, तो कक्षप्रमुखांनी द्यावा. मुलांना मी सांगते की ही बखर नव्हे, ही रोजनिशी आहे. बखरकार मागाहून लिहितो, आठवून लिहितो, क्वचित पदरचेही घालतो. रोजनिशी घडले त्याच क्षणी लिहिली जाते, आणि येथे तर सेकंदाच्या अंशापर्यंतची वेळ दिलेली असते. कळफलक काढावा, पुन्हा खोचावा आणि शेवटच्या ओळी वाचाव्यात. नवे उपकरण सापडल्याची ओळ आली, तर थाप ऐकू गेली. पुढे उत्पादकाचे नाव आले, तर बोलणे झाले. त्याही पुढे ‘इनपुट’ या शब्दाने सुरू होणारी ओळ असेल, तर ड्रायव्हरही जोडला गेला. मग दोष आणखी वर शोधावा. उलट, खोचूनही एकही नवी ओळ उमटली नाही, तर बहुधा केबल तुटलेली आहे, पोर्ट मेला आहे किंवा त्याला वीजच मिळत नाही. अशा वेळी प्रणालीशी झटापट करणे म्हणजे विहीर कोरडी असता रहाटाला तेल घालीत बसणे होय.

कधी याच रोजनिशीत उणे 71 किंवा उणे 110 असा अंक असलेली चूक दिसते. पहिल्याचा अर्थ, बोलणे सुरू झाले पण नियमबाह्य निघाले. दुसऱ्याचा, विचारले पण वेळेत उत्तर आले नाही. दोन्ही अंक बहुतेक वेळा केबल, जोड किंवा अपुऱ्या विजेकडे बोट दाखवितात. कोंकणपट्टीत हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धातूच्या जोडांना सुखाने राहू देत नाही. एकाच हबवर चार-सहा उपकरणे लटकविली असतील, तर ती काढून कळफलक थेट संगणकाच्या मागील पोर्टात लावून पाहावा. एल-एस-यू-एस-बी ही दुसरी आज्ञा त्या घटकेला जोडलेल्या सर्व यूएसबी वस्तूंची यादी देते. आपला कळफलक तीत आहे की नाही, हे तिसरीतला मुलगाही पाहू शकेल.

येथे एखादा चतुर विद्यार्थी विचारील, ‘बाई, कळफलकच मुका झाला, तर आज्ञा लिहायची कशाने?’ प्रश्न रास्त आहे. माऊस जिवंत असेल, तर पडद्यावरील कळफलक उघडता येतो. तो नसेल, तर शेजारच्या संगणकाचा चालू कळफलक आणून जोडावा. तो चालला, म्हणजे अर्धे उत्तर तेथेच मिळाले. दोन्ही नसतील आणि दूरस्थ प्रवेशाची सोय आधीच करून ठेवली असेल, तर कक्षातील दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचच्या मार्गे आत शिरता येते. आजारी माणूस बोलू शकत नसला, तरी शेजाऱ्याला त्याच्या घरात जाऊन पाहता येते, तसेच हे.

आज्ञांच्याही आधी करण्याची एक सोपी परीक्षा आहे आणि ती मला फार आवडते. कॅप्स लॉकची कळ दाबावी आणि तिचा दिवा पाहावा. पुष्कळांचा समज असा की कळ दाबली की कळफलक आपला आपणच दिवा लावतो. वस्तुतः आपल्या नेहमीच्या कळफलकात तसे होत नाही. कळफलक फक्त ‘ही कळ दाबली गेली’ एवढा निरोप पाठवितो. दिवा लाव, हा हुकूम संगणकाकडून उलट येतो. तेव्हा दिवा लागला आणि विझला, तर निरोप गेला आणि उत्तरही आले. तार शाबूत, पोर्ट शाबूत, ड्रायव्हर जागा. एका इवल्याशा दिव्याने इतके सांगावे आणि आपण त्याच्याकडे न पाहता चिठ्ठी लावावी, हे काही बरे नव्हे.

दुसरी परीक्षा संगणक सुरू होताना करावी. प्रणाली चढण्यापूर्वी मदरबोर्डचा स्वतःचा जो मूळ कार्यक्रम असतो, त्याच्या निळ्या-करड्या पडद्यावर बाणांच्या कळा चालतात का, ते पाहावे. तेथे चालल्या आणि लिनक्स चढल्यावर थांबल्या, तर कळफलक निर्दोष आहे. तिसरी, लॉगिनच्या पडद्यावर सर्व निश्चल असता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 एकत्र दाबावे. काळा, केवळ अक्षरांचा पडदा उघडला आणि तेथे लिहिता आले, तर गाभा ठीक. बिघाड चित्रमय पडद्याच्या व्यवस्थेत आहे. अर्धवट झालेल्या अद्ययावतीकरणात कळफलक-माऊस सांभाळणारा भागच गळून पडण्याचे प्रकार घडतात. तो भाग पुन्हा बसविला की काम होते.

आणि काही वेळा बिघाड मुळी नसतोच. उजवी शिफ्ट कळ सुमारे आठ सेकंद दाबून धरली, तर काही मांडण्यांत ‘स्लो कीज’ नावाची सोय सुरू होते. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी ती केलेली आहे. तीत कळ क्षणभर धरून ठेवल्याशिवाय उमटत नाही. कोपर टेकवून गप्पा मारणाऱ्या मुलाच्या संगणकावर ती नकळत सुरू होते आणि कळफलक मेल्याचा बोभाटा होतो. तसेच मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी चालू राहिली, म्हणजे इंग्रजीच्या तासाला भलतीच अक्षरे उमटतात. ही कळफलकाची ओळख नव्हे, लिपीची निवड आहे.

बिनतारी माऊसविषयी थोडक्यात सांगते. आधी त्याची बॅटरी पाहावी. त्याचा चिमुकला ग्राहक यूएसबी-3 च्या पोर्टाला अगदी लागून असेल, तर त्या पोर्टातून निघणारा विद्युत्-गोंगाट 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींत मिसळतो आणि माऊस अडखळतो. ग्राहक हातभर तारेने दूर न्यावा. जुन्या यंत्रांवर जांभळ्या आणि हिरव्या गोल छिद्रांचे जोड असतात, जांभळा कळफलकाचा व हिरवा माऊसचा. ते संगणक बंद करूनच लावावेत.

आता माझ्या आग्रहाचे कारण सांगते. काही वर्षांपूर्वी एका संगणक-कक्षात पावसाळ्यात दोन यंत्रे मुकी झाली. आलेल्या कारागिराने काही न पाहता दोहोंवर प्रणाली नव्याने चढविली. एका यंत्रावर वार्षिक अंकासाठी मुलींनी मराठीत टंकलेले लेख होते. आजीकडून ऐकून उतरविलेल्या कोंकणी ओव्याही होत्या. ते सारे पुसले गेले. कळफलक मात्र पुढेही मुकाच राहिला, कारण त्याची केबल टेबलाच्या फळीखाली चेपून तुटलेली होती. केबलीची किंमत बाजारात विचारता येते. त्या ओव्या सांगणारी आजी तोवर राहिली नव्हती.

पुनर्स्थापना हा उपाय नव्हे असे मी म्हणत नाही. परंतु तीत मुलांच्या कामाबरोबर पुरावाही नष्ट होतो. त्याच वेळी कळफलक बदलला, पोर्टही बदलले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कोणालाच कळत नाही. पुढल्या जूनमध्ये तोच बिघाड आला की पुन्हा तोच खर्च. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम प्रयोगशाळेत आपण मुलांकडून घोटून घेतो. शेजारच्याच खोलीत तो गुंडाळून का ठेवावा?

काही पालक व सहकारी शंका घेतात की मुलांच्या हाती यंत्र दिले तर ती अधिक बिघडवतील. शंका अवाजवी नाही. प्रशासकाचा अधिकार मोकळा सोडणे धोक्याचेच. पण वर सांगितलेल्या गोष्टींत बहुतेक सर्व केवळ पाहण्याच्या आहेत. यादी वाचल्याने काही पुसले जात नाही, दिवा पाहिल्याने काही जळत नाही. केरळ राज्यातील सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुले लिनक्सवरच शिकत आहेत. आमची मुले काही कमी हुशार नव्हेत.

लिनक्सची भलावण करताना त्याचे उणे झाकू नये. 2022 च्या सुमारास एएमडी प्रक्रियक असलेल्या काही नव्या लॅपटॉपांवर बाहेरचा यूएसबी कळफलक चाले, अंगचा मात्र चालत नसे. दोष कळफलकाचा नव्हता. त्याची हाक कोणत्या प्रकारे ऐकावी, याविषयी कर्नेलचा आणि यंत्राच्या मूळ कार्यक्रमाचा मेळ बसत नव्हता. लोकांनी आपापल्या यंत्रांची रोजनिशी कर्नेलच्या कर्त्यांना पाठविली, आणि त्या त्या यंत्रांची नावे कर्नेलात घालून दुरुस्ती झाली. ज्यांनी ‘चालत नाही’ एवढेच लिहून पाठविले असेल, त्यांचा त्या कामाला कितीसा उपयोग झाला असेल?

यासाठी शाळेला मोठा खर्च नाही. कपाटात तारेचा एक खात्रीचा कळफलक आणि एक खात्रीचा माऊस ठेवावा. ते एरवी कोणी वापरू नयेत. प्रत्येक यंत्रावर दूरस्थ प्रवेश आणि कळ तपासणारा ‘इव्हटेस्ट’ हा लहानसा कार्यक्रम शाळा सुरू होतानाच बसवून घ्यावा, कारण यंत्र मुके झाल्यावर तो बसविणे कठीण. दारापाशी एक जाड वही टांगावी. तीत तारीख, यंत्राचा क्रमांक, दिवा लागला की नाही, यादीत नाव आले की नाही आणि रोजनिशीची शेवटची ओळ, एवढे आठवी-नववीच्या मुलामुलींनी आळीपाळीने लिहावे व खाली सही करावी. ‘बंद आहे’ची चिठ्ठी लावायचीच असेल, तर तिच्यावर या वहीचा पृष्ठांक घालावा.