गाडी सोपी करा, घाट खोटा करू नका

महाडहून भोरकडे जाणारा वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडी, अशा तीन घाटांच्या पायथ्याशी महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके वसले आहेत. मुंबई-पुण्याच्या मुलांकडे गाड्यांचे जे खेळ असतात, तेच इथल्या मुलांच्याही मोबाइलवर असतात. त्यांतल्या अनेक खेळांत तीव्र वळणावरही वेग कमी करावा लागत नाही आणि लांब उतारावर ब्रेक तापत नाहीत. खेळ सगळ्यांना जमावा म्हणून असे करतात, हे त्यामागचे नेहमीचे समर्थन. खेळ सगळ्यांना जमावा हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी निसर्गाचे नियम मोडण्याचे कारण नाही.

घाटात नेमके काय घडते ते पाहा. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारी बस सुमारे 1,200 मीटर खाली येते. प्रवाशांसह तिचे वजन 12 टन धरले, तर या उतरणीत सुमारे 39 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगातली तीच बस सपाटीवर एकदा थांबवायला जितकी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या ऐंशी पटींहून ही जास्त आहे. थोडा वाटा हवेचा आणि टायरचा रोध उचलतो. बाकीचा भार इंजिन आणि ब्रेकवर येतो. सगळा भार ब्रेकवर टाकला की ते तापतात आणि पायाखालचा जोर नाहीसा होतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असे मुरलेले ड्रायव्हर नवख्यांना बजावतात. त्यात इथला पाऊस. कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यावर 20 मीटरमध्ये थांबणारी गाडी ओल्या रस्त्यावर 35 मीटरपर्यंत सहज जाते. उतरणीचा सगळा कस या हिशेबात आहे आणि खेळातली खरी गंमतही त्यातच दडलेली आहे.

हे सगळे मोबाइलवर आणायचे तर खेळ किचकट होईल, असा पहिला आक्षेप घेतला जातो. फिनलंडच्या फिंगरसॉफ्टने 2012 मध्ये आणलेला ‘हिल क्लाइंब रेसिंग’ हेच त्याला उत्तर आहे. त्यात बटणे दोनच, गॅस आणि ब्रेक. लहान मूलही मिनिटभरात शिकते. तरीही चढावर गॅस जास्त दाबला की पुढचे चाक उचलते, तोल गेला की गाडी उलटते, आणि पेट्रोल संपले की खेळ संपतो. त्यातली टेकडी अतिरंजित आहे, पण वजन आणि तोलाचा नियम सगळ्या वाटेवर एकच राहतो, म्हणून हरलेल्याला आपण का हरलो ते कळते. ‘अॅस्फाल्ट’ मालिकेत मात्र गाडी वळणावर घसरवली की जादा वेग देणाऱ्या नायट्रोची टाकी भरते, म्हणजे घसरणेच फायद्याचे ठरते. तिथे डोळे दिपतात, पण खऱ्या रस्त्याशी जुळणारे हातात काही उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की वास्तवाचा आग्रह धरला तर नवखे आणि अपंग खेळाडू बाहेर पडतील. हा आक्षेप गंभीर आहे, पण त्याचेही उत्तर सापडलेले आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ 1997 पासून वास्तवाचा आग्रह धरत आली आहे. चाक घसरू न देणारी आणि ब्रेकला हात देणारी मदत त्यात हवी तेव्हा चालू-बंद करता येते. या मालिकेच्या 9 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तेव्हा वास्तव विकत नाही हा समजही टिकत नाही. 2021 च्या ‘फोर्झा होरायझन 5’मध्ये तर ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांच्यासाठी सगळ्या खेळाचाच वेग कमी करता येतो. मदत खेळाडूला मिळाली, रस्त्याचा नियम मात्र तोच राहिला.

उरतो तिसरा आक्षेप: हा शेवटी खेळ आहे, ड्रायव्हिंग स्कूल नव्हे. खरेच आहे, आणि घाटातल्या अपघातांचे खापर खेळांवर फोडणे अन्यायाचे होईल. पण वेग, वजन आणि पकड यांचे नाते मुलाला प्रथम जिथे हाताने कळते, ती जागा आज बहुधा मोबाइलच असते. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’त एसटीचा लाल रंग चढवून बस हाकणारी मराठी मुले आपल्या रस्त्यांचाच खेळ मागत आहेत. आंबेनळीचा खेळ कुणीतरी बनवावा. त्यात स्टिअरिंगला मदत असू द्या, चुकलेले वळण पुन्हा घेता येऊ द्या, सूचना मराठीत द्या. उतारावर न्यूट्रल केले तर मात्र ब्रेक तापलेच पाहिजेत. आपल्या खेळ बनवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट सोडू नये.