एक किलोमीटरचे फर्मान

खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने शिक्षण हक्क कायद्यानुसार गरिबांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे कारण नाही, असे जे फर्मान राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्दबातल ठरविले, हे उचितच झाले. शहरात सरकारी वा अनुदानित शाळा बहुधा जवळपास असतेच; तेथे ही अट म्हणजे साक्षात दरवाजाबंदीच होती. पुण्याजवळच्या दिघीत भाड्याच्या खोलीत राहून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या आईबापांच्या मुलांना त्या दरवाजाबाहेर उभे करताना आपण पुढील दोन पिढ्यांच्या प्रकृतीचाही निवाडा करीत आहोत, हे शिक्षण खात्याच्या दफ्तरात कोणाच्या ध्यानी आले असेल, असे मानण्यास आधार नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा, आणि पुढे त्यांच्या अपत्यांचा, जो अभ्यास करीत आले आहेत, त्यावरून इकडचे अर्भक सरासरी जेमतेम २.७ किलो वजनाचे, दिसण्यात कृश, परंतु अंगी चरबी बाळगणारे असते, आणि उद्याच्या मधुमेहाची पायाभरणी गर्भातच होते, हे उघड झाले. आता ही गर्भवती कोण? महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरापूर्वी झालेले असते, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. आणि शाळा सुटलेल्या मुलीचेच लग्न लवकर उरकले जाते, हे सांगावयास सर्वेक्षणही नको. उलटपक्षी, शिकलेली लेक आपल्या बाळाच्या लसी तर चुकवीत नाहीच, पण म्हाताऱ्या आईची साखरेची गोळी आणि बापाचा रक्तदाबही तीच सांभाळते. शिक्षणाचा लाभ खाली उतरतो तसा वरही चढतो.

या राखीव जागांपोटी सरकारने द्यावयाचा शुल्कपरतावा थकल्याची संस्थाचालकांची तक्रार खरी आहे. मग तो द्यावा! तिजोरीची चूक पोराच्या माथी कशासाठी? एकीकडे सरकारी ‘आपला दवाखाना’च्या फिती कापावयाच्या आणि दुसरीकडे त्या दवाखान्यासाठी उद्याचे रोगी तयार करावयाचे, हा कारभार शहाणपणाचा नव्हे. त्या वर्षी जूनमध्येच शाळा भरल्या. या खटल्यापायी राखीव जागांच्या प्रवेश-सोडतीतील मुले मात्र खोळंबली. निकालानंतर सरकारने सर्वोच्च न्यायालयाची पायरी न चढता थकबाकी चुकती करणे आणि या मुलांना त्याच महिन्यात वर्गात बसवणे, हेच शहाणपणाचे होते.